दर बाराशे किलोमीटरला तापणारी गाडी

आमची गाडी २००९ ची पेट्रोल सेडान, एमएच ०९. पप्पांनी शोरूममधून नवी काढली, आता चालवतो मी. मीटरवर २ लाख ४१ हजार किलोमीटर. २०२४ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत पासिंग करून पुढची पाच वर्षं मिळवली, त्यामुळे ‘आता विकून टाका की’ हा सल्ला आमच्या घरात कुणी देत नाही. इंजिनाचा आवाज गोड आहे, ऑइल खात नाही, पिकअप अजून लाजवत नाही. एकच दुखणं होतं आणि ते कित्येक महिने पुरलं. गाडी तापायची. गॅरेजला न्यायची, एखादा पार्ट बदलायचा, महिनाभर गुण यायचा आणि पुन्हा सुई वर. कोल्हापुरात ‘जाळ आन् धूर संगटच’ हे कौतुकानं म्हणायचं वाक्य आहे. बॉनेटखालून वाफ येत असताना मित्रानं ते म्हटलं, तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

दुखणं अखेर सापडलं. पण तुमच्या गाडीत तोच पार्ट गेला असेल असं नाही, म्हणून आधी आमची चूक सांगतो. आम्ही पार्ट बदलत होतो, आणि प्रत्येक पार्टबरोबर गाडीत पाणी काठोकाठ भरून मिळत होतं. गाडी बरी व्हायची ती त्या पाण्यानं. श्रेय मिळायचं पार्टला.

गाडी रस्त्यात तापली तर काय करायचं ते आधी सांगून टाकतो, कारण तेव्हा वाचत बसायला वेळ नसतो. एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर शेवटच्या नंबरवर. मे महिन्यात ही शिक्षा वाटते, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागं बसवलेला छोटा रेडिएटरच. तो इंजिनातली उष्णता तुमच्या अंगावर काढतो. तरी सुई उतरत नसेल तर कडेला घेऊन इंजिन बंद करा. बॉनेट उघडा, पण रेडिएटरच्या झाकणाला किमान पाऊण तास हात लावू नका. आत साधारण १ बार दाब असतो. त्या दाबाखाली पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल झालं की त्याच क्षणी वाफ होऊन अंगावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणं हेही नको. रत्नागिरीहून येताना आंबा घाटात एक टेम्पोवाले मामा मदतीच्या भावनेनं बाटली घेऊन धावत आले होते. “मामा, थांबा, हेड फुटंल,” म्हणत मी त्यांचा हात धरला, आणि ते जरा नाराजच झाले.

सुईवरही फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत ती मुद्दाम अशी बसवलेली असते, की तापमान दहा-वीस अंश इकडंतिकडं झालं तरी ती मधोमधच राहावी, म्हणजे मालकाला घोर नको. ती हलू लागते तोवर उशीर झालेला असतो. दुसरी गंमत जास्त वाईट आहे. पाणी सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर नुसत्या वाफेत लटकतो आणि सुई वर जायच्या ऐवजी खाली पडते. पन्हाळ्याला जाताना वाघबिळाच्या चढाला आमची सुई अशीच अचानक उतरली. मी खूश झालो. पुढच्या वळणावर काचेवर वाफ. त्यानंतर ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा, एक स्वस्त ब्लूटूथ डोंगल घेतला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात बसतो आणि मोबाइलवर खरं तापमान अंशात दाखवतो. आमची गाडी धडधाकट असताना ८८ ते ९६ मध्ये फिरते. तुमचा आकडा वेगळा असेल, पण तो गाडी बरी असतानाच माहीत करून घ्या.

तापते, पण कधी?

गॅरेजमध्ये गेल्यावर “गाडी हीट मारते” एवढंच सांगितलं की मिस्त्री त्यांच्या हाताला सरावलेला पार्ट सांगतात. त्यात त्यांचा दोष थोडा. माहितीच तेवढी दिलेली असते.

कोल्हापुरात सीबीएस स्टँडपासून परीख पुलापर्यंतच्या गर्दीत तापते आणि हायवेला लागली की उतरते, तर प्रश्न वाऱ्याचा आहे. गाडी साठच्या पुढं पळत असते तेव्हा समोरचा वारा पुरतो, फॅन नसला तरी भागतं. थांबलेल्या गाडीला फॅनच हवा. एसी लावा, बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन लगेच फिरायला लागतो. तेव्हा फिरतो पण नुसत्या गरमीवर फिरत नाही, तर मोटर चांगली आहे, गडबड सेन्सरची किंवा वायरिंगची. अजिबात फिरत नसेल तर फ्यूज, मग रिले (फॅनला वीज जोडणारा छोटा स्विच). फ्यूजबॉक्समध्ये हॉर्नचा किंवा दुसरा एखादा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा, पाच मिनिटांत निकाल. आणि कुणी नवी मोटर बसवली असेल तर ग्रिलपुढं एक कागद धरा. तो आत ओढला गेला पाहिजे. वायरी उलट्या जोडल्या की फॅन जोरात फिरतो आणि वारा बाहेर फेकतो. मग सगळे म्हणतात, फॅन तर चालू आहे.

उलट, शहरात ठीक आणि चढाला किंवा भरल्या गाडीला तापते, तर पाणी नीट फिरत नाही किंवा फिरून गार होत नाही. अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप), झिजलेल्या पात्यांचा वॉटर पंप, ढिला बेल्ट, चोंदलेला रेडिएटर. रेडिएटर आतून क्षारानं चोंदतो हे सगळ्यांना माहीत असतं. बाहेरून चोंदतो हे आपल्याकडं जास्त घडतं. हंगाम सुरू झाला की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपण उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं असतो. पाचटाचे तुकडे, भुसा, धूळ हे सगळं ग्रिलमधून आत जातं आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या दोन बोटांच्या फटीत जाऊन बसतं. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. मागं नमदा झालेला असतो. वरचे बोल्ट काढून रेडिएटर जरा मागं झुकवला की दिसतं. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारा, आणि साध्या नळीनं. सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशर गननं ते पातळ पत्रे आडवे होतात आणि वाट कायमची बंद.

सकाळी चालू करून पाच मिनिटंही झाली नाहीत तोवर वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो, पाण्यात बुडबुडे येतात, पहिल्या मिनिटात एक सिलिंडर अडखळतो, तर हेड गॅसकेटची, म्हणजे इंजिनाचं हेड (वरचा भाग) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगची, शंका घ्यावी. त्याबद्दल पुढं बोलतो.

आणि कधी सिग्नलला, कधी घाटात, कधी संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर, काही मेळच लागत नाही, तर पाणी कमी झालेलं असतं. आमचं हेच होतं.

तीन पार्ट, एक आकडा

पहिल्यांदा तापली मे महिन्यात, दसरा चौकात. आमचे मिस्त्री जुने आहेत, मी त्यांना मामा म्हणतो. मामांनी थर्मोस्टॅट अडकलाय असं निदान केलं. “काढूनच टाकतो. आपल्याकडं काय बर्फ पडतोय व्हय?” काढला, पाणी भरलं, गाडी थंडगार. पाचेक आठवड्यांनी पुन्हा तेच. या वेळी फॅनची मोटर. पुन्हा काही आठवडे सुखाचे. मग नवा रेडिएटर, कारण जुना ‘आतनं गेलाय’. तोही महिना-दीड महिना चालला. चौथ्या खेपेला मामांनी हात पुसत सांगितलं, “आता हेड गॅसकेटच. इंजिन खोलायला लागतंय बघा.” तोपर्यंत माझे वीस हजारांच्या वर गेले होते.

मामा लबाड नाहीत, हे सांगायला हवं. मी सकाळी गाडी लावायचो आणि दुपारी ‘झाली का?’ म्हणून फोन करायचो. अर्ध्या दिवसात गळती सापडत नाही, पार्ट बदलून होतो.

पप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर कालव्याच्या पाण्याचा हिशेब ठेवला, आणि ती सवय गाडीतही आली. डॅशबोर्डच्या खणात त्यांची डायरी असते: पेट्रोल, हवा, ऑइल, आणि प्रत्येक नोंदीपुढं मीटरचा आकडा. इंजिन खोलायचं म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावून मागची पानं काढली. थर्मोस्टॅट काढल्यानंतर गाडी ११८० किलोमीटरला तापली होती. फॅननंतर १२६० ला. रेडिएटरनंतर १२१० ला.

“पार्ट तीन आणि आकडा एकच,” पप्पा म्हणाले. “ही गळती आहे. वर किती सोडलं आणि शेवटच्या चारीला किती पोचलं, आधी ते बघायचं असतं रे. तू नुसते दरवाजे बदलत बसलायस.”

हिशेब अगदी साधा निघाला. आमच्या गाडीत सगळं मिळून सुमारे साडेपाच लिटर पाणी बसतं. दीडेक लिटर गेलं की तापायला लागते. बाराशे किलोमीटरला दीड लिटर, म्हणजे शंभर किलोमीटरला सव्वाशे मिली. रोजच्या तीस-चाळीस किलोमीटरला तीनेक मोठे चमचे. एवढ्याचं खाली डबकं होत नाही. गरम लोखंडावर पडलं तर थेंबसुद्धा दिसत नाही.

मग पाणी कमी होतंय हे आम्हाला आधी का दिसलं नाही? कारण आम्ही डबा बघत होतो. बॉनेट उघडलं की समोर प्लॅस्टिकचा डबा दिसतो, त्यावर दोन खुणा असतात, पाणी वरच्या खुणेला, सगळे समाधानी. खरं पाणी रेडिएटरात असतं. झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. इंजिन तापून पाणी फुगलं की एक उघडतो आणि जास्तीचं पाणी डब्यात जातं. इंजिन गार झालं की दुसरा उघडून डब्यातलं पाणी परत आत ओढून घेतो. हा दुसरा व्हॉल्व्ह गंजून चिकटला, किंवा कुठं तरी बारीक गळती असली, तर रेडिएटर पाण्याऐवजी हवा ओढून घेतो. डबा भरलेला, रेडिएटर रिकामा. आमच्याकडं दोन्ही कारणं होती. म्हणून गार इंजिनावर, सकाळी पहिल्यांदा, झाकण उघडून आत बघा. पाणी गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. ज्या गाड्यांना रेडिएटरवर झाकण नसतं, डब्यालाच दाबाचं झाकण असतं, तिथं डब्याची खूण खरी धरायला हरकत नाही, पण तीही गार असतानाच.

झाकण काही शे रुपयांचं असतं आणि ते सगळ्यात शेवटी बदललं जातं. ते सगळ्यात आधी बदला. मात्र त्यावरचा आकडा बघून: ०.९ असेल तर ०.९ च, १.१ असेल तर १.१. जास्त दाबाचं झाकण म्हणजे जास्त चांगलं असं काही नाही. पंधरा वर्षांच्या होज पाइपांना विचारून बघा.

गळती कशी शोधली

यासाठी एक हातपंप मिळतो. झाकणाच्या जागी बसतो, त्याला दाब दाखवणारं घड्याळ असतं. इंजिन गार, बंद. पंप मारून झाकणावरच्या आकड्याइतका दाब द्यायचा, त्याहून जास्त नाही, आणि बसून राहायचं. या बसून राहण्यातच सगळं आहे. गॅरेजमध्ये हीच टेस्ट आधी झाली होती. पोरानं दोन मिनिटं काटा बघितला आणि “लीक न्हाई” म्हणाला. दोन मिनिटांत आमचाही काटा हलला नसता.

मामांकडून तो पंप रविवारी मागून आणला आणि घराच्या पार्किंगमध्ये लावला. १ बार. चहा झाला तेव्हा ०.९. अर्ध्या तासानं ०.७. जमीन कोरडी ठणठणीत.

मग एकेक जागा. आतलं कार्पेट, पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी, ओलं किंवा चिकट असलं, आत गोडसर वास येत असला, पावसाळा नसताना काचेवर आतून तेलकट धुकं धरत असलं, तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. आमचं कोरडं. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून ओघळ येतो. कोरडं. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या आणि ॲल्युमिनियमचा भाग जिथं दुमडून जोडलेले असतात ती शिवण. नवा रेडिएटर, कोरडी. होजच्या क्लिपा सुक्या.

शेवटी मोबाइलचा टॉर्च लावला, व्हिडिओ सुरू केला आणि इंजिनामागच्या बोळकांडीत हात घातला, जिथं डोकं जात नाही. बाहेर काढून बघितलं तर ब्लॉकच्या मागं, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, पांढरट-हिरवं खारं धरलेलं. मुतखड्यासारखं. त्याच्याखाली गिअरबॉक्सच्या अंगावर वाळलेला ओघळ.

तिथं एक अंगठ्याएवढा लोखंडी पाइप असतो, पाणी पंपाकडं परत नेणारा. त्याचं टोक पंपाच्या घरात एका ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कडीवर, बसतं. ओ-रिंग पंधरा वर्षांत बांगडीसारखी कडक झाली होती, आणि पाइपाचं टोक गंजून खड्डे पडले होते. थेंब गरम गिअरबॉक्सवर पडायचा आणि तिथंच उडून जायचा.

ओ-रिंगची किंमत चहा-वड्याची. तिथपर्यंत पोचायला मॅनिफोल्ड उतरवायचं, म्हणजे मामांची अख्खी सकाळ. पण नुसती ओ-रिंग बदलून उपयोग नव्हता. खड्ड्यांवर नवी रिंगही धरत नाही. पाइप मागवला तर तीन आठवडे. तेव्हा कोल्हापुरात राहण्याचा फायदा झाला. उद्यमनगरात गाडीचं नाव न विचारता लोखंडाचं टोक हातात घेऊन बघणारी माणसं आहेत. एका लेथवाल्यांनी गंजलेलं टोक कापलं, स्टेनलेसचं नवं टोक मापात उतरवलं आणि टिग वेल्डिंगनं जोडून दिलं. दुपारी तीनला दिलं, सहाला हातात. मागवलेला पाइप नंतर आला, तो अजून डिकीत पडून आहे.

ओ-रिंग घेताना एक सांभाळा. दुकानात काळी म्हणून जी देतात ती बहुधा साधी, तेलासाठीची असते. कूलंटला (रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात त्या द्रवाला) ईपीडीएम रबराची मागा. आणि ती बसवताना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, ईपीडीएम तेलानं फुगतं. बोटावर थोडं कूलंट घेऊन चोळलं तरी ती सरकते.

हेड गॅसकेटची भीती

आमचं इंजिन खोलायच्या दारातून परत आलं, म्हणून हे जरा विस्तारानं. ‘पाणी जातंय पण दिसत नाही’ एवढ्यावरून गॅसकेट ठरवू नका. ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखं काही दिसलं की सगळे माना डोलावतात. पावसाळ्यात घर ते ऑफिस चार किलोमीटर गाडी चालवणाऱ्या कुणाच्याही झाकणाखाली तो फेस मिळेल. इंजिन पुरतं तापत नाही आणि आतला ओलावा तिथं बसतो. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ आहे का ते बघा. ते असेल तर मात्र गाडी चालू करू नका.

खात्री करायला एक निळं रसायन मिळतं. इंजिन गार असतानाच झाकण काढायचं, रसायन काचेच्या नळीत भरून रेडिएटरच्या गळ्यावर धरायचं आणि इंजिन चालू करून, ते गरम झालं की तिथली हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला जळलेला वायू पाण्यात येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. आमचं निळंच राहिलं. दुसरी खूण प्लगांवर असते: गळणाऱ्या सिलिंडरचा प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघतो.

खरोखर गॅसकेट गेलं असेल तर हेड उतरवल्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून ते किती वाकलंय ते तुमच्यासमोर मोजायला सांगा. बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालतं, नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला घ्या. मोजल्याशिवाय फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवू नका. प्रत्येक फेसिंगला हेड थोडं पातळ होतं, ते परत जाड होत नाही. आणि जे हेड बोल्ट ताणून बसवायचे असतात ते नवेच घ्या.

गळती बंद करणाऱ्या पावडरी, आणि ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय म्हणजे रेडिएटरात हळद. घाटात रात्री अकरा वाजता बायकामुलं गाडीत असतील तर मीही टाकेन. घरी पोचल्यावर मात्र सगळं धुऊन काढेन. ती भोक बुजवते तशी हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते, तिला फरक कळत नाही.

थर्मोस्टॅट परत बसवला

मामांशी यावर वाद झाला. थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड पळते हे खरं. पण थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल पाजतो, ऑइल नीट पातळ होत नाही, झीज वाढते. आमचं ॲव्हरेज उतरलं होतं आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा; डोंगलवर कोड यायचा पी०१२८, म्हणजे पाणी तापायला हवं तेवढं तापत नाही. तापते म्हणून गॅरेजला नेलेली गाडी ‘तापत नाही’ अशी तक्रार करत होती आणि मी तो दिवा इतके महिने ‘सेन्सरचा असेल’ म्हणून सोडून दिला होता. नवा थर्मोस्टॅट बसवायच्या आधी घरी पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून बघा. त्यावर लिहिलेल्या अंशाच्या आसपास, साधारण ८२ ते ८८ ला, तो तोंड उघडायला लागतो. आई म्हणाली पातेलं परत स्वयंपाकघरात आणायचं नाही. तेवढी तयारी ठेवा.

पाणी आणि कूलंट

पाइप का गंजला, तर आमच्यामुळं. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी. डब्यात कमी दिसलं की बागेच्या नळाची बाटली. बोअरच्या पाण्यातला क्षार तापलेल्या भिंतींवर थर धरतो आणि कूलंटमधली गंज रोखणारी द्रव्यं पातळ होत जातात. ‘आपल्याकडं बर्फ पडत नाही, कूलंट कशाला’ या युक्तिवादात एक खरी गोष्ट दडलेली आहे. नुसतं पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा उष्णता जास्त चांगली वाहून नेतं. पण ते लोखंड खातं, ॲल्युमिनियम खातं आणि लवकर उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतो ते. आपल्या हवेत कूलंट तिसरा हिस्सा असलं तरी चालतं, पण गंज रोखण्यापुरतं किमान किती हवं ते कॅनवर वाचा. तयार मिश्रण घेतलं तर त्यात आणखी पाणी घालू नका.

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हा कंपन्यांचा हौसेचा मामला आहे, रंग एक असून आतली द्रव्यं वेगळी असू शकतात. प्रकार बदलायचा तर आधी सगळं काढून, डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन मग भरा. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

भरल्यावर हवा काढणं राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात. गाडीचं तोंड चढाला करून लावा, हीटर गरमवर, झाकण उघडं, आणि गार इंजिन चालू करून सोडा. वरचा होज अधूनमधून दाबत राहा, बुडबुडे येतील, पातळी उतरेल, भरत राहा. फॅन दोनदा लागून बंद झाला आणि हीटरमधून सलग गरम वारा आला की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा थोडी उतरलेली असते. ती गळती नव्हे, राहिलेली हवा आहे. तिसऱ्या सकाळनंतरही उतरत राहिली तर पंप परत आणा.

मॅनिफोल्ड उतरवलंच होतं म्हणून मागचे सगळे होज आणि क्लिपा त्याच मजुरीत बदलून घेतल्या. या वयाच्या गाडीला हे करावंच. एक नवा होज बसवला की दाब पुढच्या जुन्या होजला फोडतो. तुमचा वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर दोन्ही एकदमच बदला. आमचं इंजिन चेनवालं, तो खर्च वाचला.

पाइप बसवल्याला आता ३,९०० किलोमीटर झाले. दोनदा पन्हाळा, एकदा पाच माणसं आणि गणपतीपुळ्याचे आंबे भरून आंबा घाट, एसी चालू ठेवून. डोंगलवर सगळ्यात वरचा आकडा ९८. रेडिएटर उघडून बघितलं की पाणी गळ्याशी. पप्पा डायरीत दर रविवारी ‘पाणी: शून्य’ लिहितात, आणि ते शून्य जरा मोठंच काढतात.

आता उरलंय ते पुढच्या डाव्या चाकाचं खट् खट्, खड्ड्यात गेलं की. मामा म्हणतात लिंक रॉड. शेजारचे म्हणतात लोअर आर्मचा बुश. या रविवारी आधी गाडी जॅकवर घेणार आहे.